दहा लाखांचा सॉर्टर खामगावात कितीला पडतो?

खामगावला समुद्रापलीकडचा व्यवहार नवा नाही. १८७० मध्ये जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला, तो इथला कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून विलायतेला जावा म्हणून. आता गाडी उलटी फिरली आहे. दालमिलवाला मोबाइलवर चीनमधल्या हेफेई शहरातल्या कारखान्याशी बोलतो. तुरीच्या डाळीतला काळा दाणा आणि खडा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या फटक्याने बाजूला उडवणारा कलर सॉर्टर तो मागवायला बघतो. समोरून भाव येतो, डॉलरला रुपयाने गुणलं जातं आणि ‘इथल्या डीलरपेक्षा निम्म्यात पडतंय’ असं वाटू लागतं. निम्म्यात पडत नाही. कितीत पडतं, ते पाहू.

सुरुवातीचा खर्च किरकोळ आहे. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, पॅनवर मिळतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून घरबसल्या निघतो. त्यासाठी हजारो रुपये मागणारा एजंट तुमच्याकडून फक्त फॉर्म भरण्याची मजुरी घेतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात कोडची माहिती ऑनलाइन पडताळून द्यावी लागते, बदल काही नसला तरी. ती राहिली की कोड बंद पडतो, आणि हे बहुधा माल बंदरात लागल्यावर कळतं. पडताळणीला पैसे लागत नाहीत.

बँकेचं आधी बघा. आपल्या जिल्ह्यात पुष्कळांचा रोजचा व्यवहार पतसंस्थेत असतो, पण पतसंस्थेतून परदेशी पैसे जात नाहीत. परकीय चलनाची परवानगी असलेल्या बँकेत चालू खाते हवं. तिथेही स्थानिक शाखा कागद घेऊन मोठ्या शहरातल्या शाखेकडे पाठवते, म्हणून चार-सहा दिवस जास्तीचे धरा. बँक दोनदा कमावते: एकदा पाठवणीच्या शुल्कात, जे दिसतं, आणि एकदा डॉलरच्या दरात, जे दिसत नाही. ११ हजार डॉलरच्या मशीनवर दरात ६० पैसे जास्त लावले तर ६,६०० रुपये गेले. हा दर मागून कमी होतो; मागणारे थोडे.

व्यवहाराची रीत बहुतेक ठरलेली असते: ३० टक्के आगाऊ, ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत आल्यावर. या दोन हप्त्यांत दीड-दोन महिने जातात. तेवढ्यात डॉलर दोन रुपयांनी चढला तर उरलेल्या ७,७०० डॉलरवर १५,४०० रुपयांचा फटका. बँकेकडून आधीच दर बांधून घेता येतो. रक्कम लहान असली तरी विचारून ठेवा. आणि दुसऱ्या हप्त्याच्या तोंडावर ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आला तर पैसे पाठवू नका. आधीपासून ओळखीच्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावा आणि समोरच्याचा चेहरा बघा. फसवणुकीची ही जुनी वाट आहे आणि गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत.

आता मूळ हिशेब. विमा आणि जहाजभाडं धरून मशीनची किंमत, म्हणजे सीआयएफ मूल्य, सोयीसाठी १० लाख रुपये माना. सॉर्टर ८४३७ या शीर्षाखाली येतो. मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के धरलं तर ७५,००० रुपये. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ७,५००. झाले १०,८२,५००. या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे १,९४,८५०. एकूण कर २,७७,३५० रुपये, म्हणजे पावणेअठ्ठावीस टक्के. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या आठवड्यात सीएचएकडून, म्हणजे क्लिअरिंग एजंटकडून, आठ अंकी कोडसह दर लेखी मागवा. याच मशीनवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पूर्वी ५ टक्के होता. जुन्या आठवणीवर हिशेब मांडणारे अजूनही भेटतात.

एजंट, डीलर, शेजारचा व्यापारी, सगळे एकच सांगतात: आयजीएसटीची चिंता नको, क्रेडिट मिळतं. कापडवाल्याला, हार्डवेअरवाल्याला मिळतं. दालमिलवाल्याने थांबून विचार करावा. छापील पाकिटातली २५ किलोपर्यंतची डाळ ५ टक्के जीएसटीत येते. त्याहून मोठा कट्टा आणि सुटी डाळ करमुक्त. तुम्ही ३० किंवा ५० किलोच्या कट्ट्यातच माल विकत असाल तर तुमची विक्री करमुक्त, आणि करमुक्त विक्रीसाठी घेतलेल्या मशीनवरचं क्रेडिट मिळत नाही. ते १,९४,८५० रुपये मशीनच्या किमतीत कायमचे मिसळले. थोडा माल पाकिटात आणि थोडा कट्ट्यात जात असेल, तर क्रेडिट ६० महिन्यांवर वाटून प्रमाणात मिळतं. क्रेडिट मिळत नसेल तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरून त्यावर घसारा घ्या. दोन्ही मात्र घेता येत नाही. हा प्रश्न आगाऊ रक्कम पाठवण्याआधी सीएला विचारायचा. नंतर विचारून काही हाती लागत नाही.

मूळ शुल्क वाचवायचा एक रस्ता आहे. कोरियाशी २०१० पासून आणि जपानशी २०११ पासून भारताचे व्यापार करार लागू आहेत. तिथे बनलेली मशीन योग्य उगम प्रमाणपत्रासह आली तर मूळ शुल्क कमी किंवा शून्य होऊ शकतं. तिथली मशीन महाग असते हे खरं, पण तुलना करताना सव्वाआठ टक्क्यांचा हा फरक धरा. प्रमाणपत्र पुरवठादाराकडून माल निघतानाच घ्यावं लागतं.

जहाजभाड्यात लबाडी फार. पूर्ण कंटेनर न घेता थोडाच माल असेल तर तो इतरांच्या मालासोबत येतो. पुरवठादार म्हणतो, ‘सीआयएफ न्हावा शेवा, भाडं आमचं.’ भाडं त्याचं, पण फॉरवर्डरही त्याचाच, आणि तो वसुली इथे येऊन करतो: डिलिव्हरी ऑर्डर, हाताळणी, घनमीटरप्रमाणे आकार. एका ओळखीच्या गिरणीमालकाला भाडं जवळपास फुकट मिळालं होतं आणि मुंबईतलं बिल पाहून तो गप्प बसला. म्हणून शक्यतो एफओबीवर, म्हणजे जहाजावर माल चढवेपर्यंतच्या किमतीवर, घ्या, फॉरवर्डर तुम्ही निवडा आणि बंदरापलीकडचे सगळे आकार लेखी घ्या. भाड्याची पावतीही ठेवा. भाड्याचा पुरावा नसेल तर कस्टम्स एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरून कर लावतं.

बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातीचं विवरण, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये दंड. चार दिवस म्हणजे २५ हजार. वर बंदरातलं डेमरेज आणि कंटेनर अडकवल्याचं डिटेन्शन वेगळं. ३० दिवसांत माल सोडवला नाही तर तो विक्रीला काढण्याचा अधिकार कस्टम्सला आहे. एवढं सगळं एका चुकलेल्या कागदावरून होतं: इन्व्हॉइसवर एक मॉडेल, पॅकिंग लिस्टवर दुसरं. माल निघण्याआधी दोन्ही कागद आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा व्हॉट्सअॅपवर सीएचएला दाखवा. लाकडी खोक्यावर कीडमुक्तीचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, त्याचाही फोटो मागवा.

न्हावा शेव्याहून ट्रक समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरतो आणि तिथून खामगावला येतो, नाहीतर जुन्या हमरस्त्याने मलकापूर-नांदुरा करत येतो. ई-वे बिलात बिल ऑफ एंट्रीचा नंबर टाकायचा असतो. विमा कारखाना ते गिरणी असा पूर्ण घ्या. फक्त बंदरापर्यंतचा घेतला तर शेवटचा रस्ता तुमच्या जोखमीवर. एमआयडीसीत मशीन उतरवायला हायड्रा क्रेन लागते. ती आधी सांगून ठेवली नाही तर ट्रक दारात उभा आणि भाडं चालू.

सॉर्टर एकटा काही करत नाही. त्याला सतत कोरडी, तेलमुक्त हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसर आणि ड्रायर. आपल्याकडच्या विजेला स्टॅबिलायझर हवाच. फेज गेला की इलेक्ट्रॉनिक कार्ड जातं, आणि कार्ड हेफेईहून यायला लागणारा वेळ तुरीच्या हंगामात परवडत नाही. दोन कार्डं, हवेचा फटका मारणारे काही इजेक्टर आणि दिवे पहिल्या खेपेतच मागवा. त्यांचा स्वतंत्र भाव इन्व्हॉइसवर लिहून घ्या.

बेरीज करू. मशीन आणि कर १२,७७,३५०. सीएचए, बंदर, ट्रक, हायड्रा यांना एक लाख, आणि कॉम्प्रेसर, ड्रायर, स्टॅबिलायझर, पाया यांना अडीच लाख. हे दोन आकडे फक्त उदाहरणासाठी, तुमचे कोटेशनवरून टाका. एकूण १६,२७,३५०. आयजीएसटीचं क्रेडिट पूर्ण मिळत असेल तर १४,३२,५००. हीच बेरीज घेऊन डीलरकडे जा. कोइमतूर आणि बेंगळुरूतही सॉर्टर बनतात. डीलरच्या किमतीत बसवणी, एक वर्षाची दुरुस्ती आणि रात्री फोन उचलणारा माणूस असतो. फरक दोन लाखांच्या आत असेल तर मी इथलाच घेईन. चार लाखांच्या वर असेल तर मागवा, पण त्याआधी तुमच्याच तुरीचा दहा किलो नमुना कारखान्याला पाठवून चाचणीचा व्हिडिओ मागा. कारखान्याने दाखवलेला नमुना त्यांच्या डाळीचा असतो.