रंग माझ्या आईचाच हवा

“कॉपी कितीला?” फोटो छापायला देताना पहिला प्रश्न हाच निघतो. दुकान जळगावच्या नव्या पेठेतलं असो, धुळ्याच्या आग्रा रोडवरचं असो, नाहीतर मोबाइलवरून मागवायची ऑनलाइन सेवा असो. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते असं: कागद कोणता, छपाई कशावर, आणि आमच्या फोटोला तुम्ही तुमच्या मनानं हात लावणार का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मला सर्वांत जास्त लागला. श्रावणात कानबाईच्या सणाला आमची सारी भाऊबंदकी गावी जमते. सुरतेहून, नाशिकहून माणसं येतात, रोट होतात आणि दिवसभर फोटो चालतात. त्यातला एक फोटो आईचा होता. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, कपाशी आणि केळीच्या शेतात जन्म गेल्यानं रापलेला सावळा चेहरा. तो मोठा करून फ्रेमसाठी दिला. हातात आला तेव्हा चेहरा पिठासारखा पांढरा, सुरकुत्या पुसलेल्या, हनुवटीवरचं गोंदणही गेलेलं. सुरतच्या काकूंनी पाहिला आणि विचारलं, “हाई कोन शे?”

दुकानदार माणूस चांगला होता. म्हणाला, “ताई, आम्ही सगळ्यांनाच असं करून देतो. लोकांना गोरं आवडतं.” मला यात नुसती छपाईतली चूक दिसत नाही. उन्हात राबलेल्या बाईचा रंग तिला न विचारता बदलायचा, ही तिची अवहेलना आहे. तिच्या नातवंडांनी तिला ओळखायचं कशावरून?

हे होतं कसं, तेही समजून घ्या. लॅबच्या संगणकातली आपोआप सुधारणा करणारी सोय सावळा चेहरा म्हणजे कमी उजेडाचा फोटो समजते आणि उजळवते. वर ऑपरेटर त्वचा गुळगुळीत करण्याचं बटण दाबतो. म्हणून ऑर्डरच्या पावतीवरच ‘करेक्शन नको, आहे तसा छापा’ असं लिहून घ्यावं. ऑनलाइन सेवांमध्ये अशा सुधारणेची खूण बऱ्याचदा आधीच लावलेली असते, ती काढावी. मोबाइलमधला ब्यूटी मोडही बंद आहे ना, ते पाहावं. फोटो खरोखरच अंधारा असेल तर आपण घरी थोडा उजळावा, पण मोबाइलच्या पडद्याचा उजेड कमी करून मगच ठरवावं. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. त्यामुळे पडद्यावर छान दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो.

आपल्याच जळगाव जिल्ह्यात चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस होऊन गेले, १९१२ ते १९८९. स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याबाहेर ते वर्षानुवर्षं क्वचितच पडले. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून विस्तीर्ण देखाव्याचा भास देणारी त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं आजही चाळीसगावच्या संग्रहालयात पाहता येतात. जळगाव-धुळ्याच्या माणसानं एकदा तिथं जाऊन त्यांचे प्रिंट जवळून पाहावेतच. काळ्या-पांढऱ्यामधल्या राखाडी छटा डोळ्यांनी मोजता आल्या की दुकानातल्या कॉपीत काय हरवलं, ते कुणी सांगावं लागत नाही.

आता कापाकापी. मोबाइलचा फोटो साधारण ४:३ प्रमाणात निघतो आणि नेहमीची ४ × ६ इंची कॉपी ३:२ प्रमाणात असते. कागद पूर्ण भरायचा तर फोटोच्या आखूड बाजूचा जवळपास नववा भाग कापला जातो. घोळक्याच्या आडव्या फोटोत मागच्या ओळीतल्या उंच माणसांची डोकी जातात नाहीतर पुढे बसलेल्या पोरांचे पाय. आमच्या एका फोटोत कानबाईचा मुखवटाच वरून कापला गेला होता. काउंटरवर ‘फिट’ म्हणा, ‘फिल’ नको. कडेला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल. किंवा ६ × ८ मागा, त्याचं प्रमाण मोबाइलच्या फोटोशी तंतोतंत जुळतं.

व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला फोटो मोठा करायला कधीच देऊ नये. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते. ४ × ६ ला तेवढं पुरतं. पण १२ × १८ ला इंचामागे ९० पिक्सेलसुद्धा उरत नाहीत, आणि चांगल्या छपाईला इंचामागे ३०० च्या आसपास लागतात. भिंतीवर लांबून पाहायच्या फोटोला २०० वर भागतं. ज्यानं फोटो काढला त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पेन ड्राइव्हवर घ्या. चांगला दुकानदार हे स्वतःहून सांगतो. जो काहीही न विचारता १२ × १८ छापून देतो, त्याच्याकडे मी पुन्हा जात नाही.

कागदाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती दुकानात दिसतच नाही, कारण पहिल्या दिवशी सगळ्याच कॉप्या सुंदर असतात. कलर लॅबमध्ये फोटोपेपरवर उजेड पाडून तो रसायनात धुतात. रंग कागदाच्या थरातच तयार होतो. पासपोर्ट फोटो मिनिटाभरात देणारं छोटं यंत्र बहुधा उष्णतेनं रंग चढवतं आणि वर पारदर्शक थर देतं; तेही बऱ्यापैकी टिकतं. तिसरा प्रकार इंकजेटचा. त्यात चांगली पिगमेंट शाई आणि चांगला कागद असेल तर छपाई उत्तम होते. पण स्वस्त शाई आणि स्वस्त चकचकीत कागद असेल तर खान्देशच्या उन्हात ती छपाई फार दिवस टिकत नाही. भाच्याच्या बारशाचे फोटो आम्ही खिडकीसमोर लावले होते. पुढच्या आखाजीपर्यंत त्यातले निळे-हिरवे उडून सगळे गुलाबी-पिवळे झाले. दुकानात विचारल्यावर उत्तर आलं, “उन्हात कशाला लावले?” आपल्याकडे मे महिन्यात ऊन घरात शिरत नाही अशी भिंत शोधावी लागते.

म्हणून मोठी ऑर्डर देण्याआधी एकाच फोटोच्या दोन कॉप्या करून घ्या. एकीच्या कोपऱ्यावर ओलं बोट फिरवा; रंग सुटला तर तिथंच थांबा. दुसरी अर्धी जाड पुठ्ठ्यानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत दोन-तीन आठवडे ठेवा. पुठ्ठा काढल्यावर रेघ दिसली तर दुसरं दुकान बघा. यात खर्च दोन कॉप्यांचा, आणि लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे हजारो रुपये देण्याआधी तो करण्यासारखा आहे. अल्बममध्ये पानं कशी चिकटवली आहेत, तेही पाहा. लोखंडी कपाट उन्हाळ्यात इतकं तापतं की हलका गोंद सुटतो आणि लॅमिनेशनची पानं एकमेकांना धरतात. धाब्याच्या घरात माळ्यावर ठेवाल तर वरून पावसाची गळती, खालून कसर.

ऑनलाइन की जवळचं दुकान, असं मला लोक विचारतात. फोटोबुक आणि मोठ्या संख्येच्या कॉप्यांना ऑनलाइन सोयीचं पडतं, पण चुकलं तर दाखवायला समोर माणूस नसतो. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि परत छापून देण्याची अट आधी वाचा. दुकानाचा फायदा असा की नमुना समोर पाहून ‘हे नको’ म्हणता येतं. पण दुकानात दुसरा धोका आहे, आणि बायाबापड्यांनी तो हलका धरू नये. आपले फोटो तिथल्या संगणकावर राहतात. एका दुकानात मी पडद्यावर शेजारच्या मुलीच्या साखरपुड्याचं फोल्डर उघडं पाहिलं. छपाई झाली की आपल्यासमोर फोल्डर पुसून घ्या, रिसायकल बिनसुद्धा रिकामी करायला सांगा. दुकानाच्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सॲप किंवा मेल उघडू नका. पेन ड्राइव्हवर छापायचे तेवढेच फोटो न्या. मूळ फोटो असलेलं कार्ड कुणाच्या हाती देऊ नका.

आणि एका जागी एकच प्रत ठेवू नका. भुसावळला ज्यांची कबर आहे त्या रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती काढण्यात वर्षंच्या वर्षं घालवली. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. त्यांनीच कॅमेऱ्यानं टिपलेली लेण्यांची छायाचित्रं मात्र उरली, कारण त्यांच्या प्रती निघून ठिकठिकाणी पोहोचल्या होत्या. घरातल्या महत्त्वाच्या फोटोची एक कॉपी जळगावला, एक धुळ्याच्या बहिणीकडे, एक सुरतेला असू द्या.

फोटोच्या पाठीवर नावं लिहाच. फोटोपेपरच्या पाठीवर पेन्सिल नीट उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो, म्हणून पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या. कडेला लिहा, चेहऱ्यामागे नको, आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत एका फोटोवर दुसरा ठेवू नका. नाव, गाव, साल आणि नातं. नुसतं ‘काकू’ लिहिलंत तर पुढच्या पिढीला कोणाची काकू ते कळणार नाही.