डोळस भूतदया

मुक्या प्राण्यांवर दया करावी, ही शिकवण आपणांस लहानपणापासून मिळते. उन्हाळ्यात झाडाला पाण्याचे मडके टांगावे, अंगणात पाखरांसाठी मूठभर दाणे टाकावेत, ही कामे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. पाखरांविषयीची ही माया केवळ आपल्याच देशात आहे, असे मात्र नाही. दूरच्या ब्रिटनमधील लोकांनाही पाखरांचा फार लळा आहे. परंतु याच मायेच्या पोटी तेथील एका देखण्या पाखरावर मोठे संकट ओढवले. ते कसे, हे जाणून घेण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात दिवस लहान असतात. जमीन गोठते, किडे दिसेनासे होतात आणि लहान पाखरांना पोट भरणे अवघड जाते. १८९०-९१ चा हिवाळा तर इतका कडक होता, की पाखरांना अन्न घालावे, असे आवाहन वर्तमानपत्रांनी लोकांना केले. पुढे हा लोकांचा आवडता छंदच होऊन बसला. आज तेथील लक्षावधी घरांच्या बागांतून जाळीच्या नळ्यांत शेंगदाणे व सूर्यफुलाच्या बिया भरून ठेवलेल्या दिसतात. कोठे खांबावर सपाट फळी बसवून तीवर दाणे पसरलेले असतात. थंडीने काकडलेली पाखरे त्यांवर येऊन बसतात आणि खिडकीच्या काचेआड उभी राहून घरातील मुले त्यांना हरखून पाहतात.

या पंगतीस हमखास येणारे पाखरू म्हणजे ग्रीनफिंच. ते आकाराने चिमणीएवढे असते. नराचा रंग हिरवट असून पंखांवर व शेपटीवर पिवळ्या रंगाची झळक असते. चोच जाड व बळकट असल्यामुळे सूर्यफुलाचे बी ते सहज फोडते. थव्याने येणे आणि एकत्र बसून खाणे, हा त्याचा स्वभावच आहे.

२००५ साली ब्रिटनमध्ये काही फिंच पाखरे एका विलक्षण रोगाने मरताना आढळली. पुढच्याच वर्षी, उन्हाळा सरता सरता, रोगाची मोठी साथ उसळली. आजारी पाखरू पिसे फुलवून दाण्यांजवळच बसून राही. माणूस जवळ गेला तरी ते उडत नसे. ते दाणा उचली, चावी. परंतु तो त्याच्या घशाखाली उतरत नसे. लाळेने भिजलेला दाणा चोचीतून खाली पडे. समोर अन्नाची रास असताना ते बिचारे उपाशी मरून जाई!

शास्त्रज्ञांनी मेलेल्या पाखरांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या घशात एक सूक्ष्म, एकपेशीय परोपजीवी जंतू सापडला. त्याचे नाव ट्रायकोमोनास गॅलिनी. कबुतरे व होले यांच्या ठिकाणी तो फार पूर्वीपासून ठाऊक होता. हा जंतू कोरड्या जागी फार काळ तग धरीत नाही. ओलावा मिळाला तरच तो जगतो. मग तो एका पाखराकडून दुसऱ्याकडे गेला कसा? आजारी पाखराच्या चोचीतून पडलेला ओला दाणा दुसरे पाखरू टिपी, त्याने तोंड घातलेल्या भांड्यातील पाणी तिसरे पिई. रानात पाखरे विखरून चरतात. बागेत मात्र ती रोज त्याच फळीवर, त्याच भांड्याभोवती गर्दी करतात. जी थाळी प्रेमाने मांडली होती, तीच रोगाची वाट झाली.

या साथीने किती हानी केली? ग्रेट ब्रिटनमध्ये विणीच्या काळात सुमारे ४३ लक्ष ग्रीनफिंच असत. २००९ पर्यंत ही संख्या सुमारे २८ लक्षांवर आली. बागेत येणाऱ्या पाखरांची नोंद ठेवणाऱ्या हजारो सामान्य नागरिकांमुळेच ही घट ध्यानात आली. साथ ब्रिटनपुरतीही राहिली नाही. २००८ साली हा रोग नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या देशांतील फिंच पाखरांत दिसून आला. २०२१ साली ब्रिटनमधील पक्षितज्ज्ञांनी ग्रीनफिंचची गणना अत्यंत चिंताजनक स्थितीतील पाखरांच्या यादीत केली.

मग पाखरांना दाणे घालणे सोडून द्यावे काय? तसे नव्हे. कडाक्याच्या थंडीत मिळालेल्या चार दाण्यांनी कित्येक पाखरांचे प्राण वाचतात. सोडावयाचा आहे तो निष्काळजीपणा. दाणे बेताचेच घालावेत; उरलेले, भिजलेले दाणे काढून टाकावेत. भांडी दर आठवड्यास स्वच्छ घासून पूर्ण वाळवावीत व त्यांची जागा बदलीत राहावी. पाणी रोज ताजे भरावे. काम झाल्यावर आपले हात धुवावेत. आणि एखादे पाखरू पिसे फुलवून मलूल बसलेले दिसले, तर काही आठवडे दाणे घालणे थांबवावे, म्हणजे पाखरे पांगतात व रोगाची साखळी तुटते. अशा वेळी रिकामी थाळी हीच खरी दया ठरते.

मुलांनो, आपल्या अंगणातील पाण्याच्या मडक्यालाही हाच नियम लागू आहे. मडके टांगणे हे एका दिवसाचे काम. ते रोज विसळून भरणे हे साऱ्या उन्हाळ्याचे काम. पहिल्याने आपल्या मनाला समाधान लाभते. पाखरांचे हित मात्र दुसऱ्यानेच साधते.

अभ्यास

१. ग्रीनफिंच पाखराचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.
२. रानात चरणाऱ्या पाखरांपेक्षा बागेत एकत्र येणाऱ्या पाखरांत रोग लवकर का पसरतो?
३. ‘रिकामी थाळी हीच खरी दया ठरते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरी किंवा शाळेत पाखरांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याची निगा कशी राखाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.