कमानपाटे आणि वाढता भार

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून या गावाचे नाव रुळांशी जोडले गेले आहे. रूळ हा वाकू नये म्हणून घडवलेला असतो. ज्या वस्तूचा येथे विचार करावयाचा आहे ती मात्र वाकण्यासाठीच घडवलेली असते. मालवाहू गाडीच्या मागच्या आसाखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या वाचकांनी पाहिल्या असतील. महाराष्ट्रातील मेस्त्री त्यांना ‘पाटे’ म्हणतात, भिलाईकडे ‘कमानी’ म्हणतात. दोन्ही नावे सार्थ असल्यामुळे ‘कमानपाटा’ हा जोडशब्द आम्ही येथे वापरला आहे.

या पोलादात कार्बन सुमारे अर्धा ते 0.6 टक्के आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के असते. ते तापवून तेलात विझवतात व पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. घिसाडी मंडळी जुन्या पाट्यांपासून कोयते आणि विळे घडवतात, ते या पोलादाच्या गुणामुळेच. परंतु याच कारणाने गाडीतील पाटा भात्यावर तापवून ‘उचलणे’ किंवा त्याला झाळ लावणे घातक ठरते. दिलेले पाणी उतरते, आणि पाटा पुन्हा बसतो किंवा तुटतो.

आता एक उदाहरण घेऊ. भिलाईतील एका कुटुंबाला आपल्या पिकअप गाडीच्या हौद्यावर निजण्याची व स्वयंपाकाची लहानशी खोली बसवून धमतरी, कांकेर, केशकाल घाट या मार्गाने जगदलपूरला जावयाचे आहे असे समजा. खोली, पाण्याची टाकी, भांडीकुंडी मिळून वजन 600 कि.ग्रॅ. भरते. गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर 3 मीटर आहे, आणि खोलीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्याही 30 सें.मी. मागे पडतो. अशा वेळी मागच्या आसावर 600 नव्हे, तर 660 कि.ग्रॅ. भार वाढतो, आणि पुढचा आस 60 कि.ग्रॅ.नी हलका होतो. तरफेच्या नियमाने हे सहज कळते. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल वाटू लागते, म्हणून पाण्याची टाकी मागच्या दाराशी न ठेवता आसाच्या पुढे ठेवावी. हा उपाय फुकटचा आहे आणि पुष्कळदा तोच विसरला जातो.

कमानपाट्याचा ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या व रुंदीच्या प्रमाणात वाढतो, जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. लांबी 1,200 मि.मी., रुंदी 60 मि.मी. आणि जाडी 8 मि.मी. असे पाच पाटे घेतल्यास गणिताने दर मि.मी. दबण्यास सुमारे 4.8 कि.ग्रॅ. भार लागतो. रिकाम्या गाडीत प्रत्येक बाजूवर 250 कि.ग्रॅ. भार असेल, तर पाटे सुमारे 5 सें.मी. दबलेले असतात. खोलीचे 330 कि.ग्रॅ. त्यात पडले की ते आणखी सुमारे 7 सें.मी. खाली जातात. त्याच मापाचा सहावा पाटा घातल्यास गाडी मूळ पातळीपासून सुमारे 5 सें.मी.च खचते. याउलट पाचही पाटे 8 ऐवजी 10 मि.मी. जाडीचे घेतले तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. मग खोली उतरवून ठेवलेल्या दिवशी गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळते, आणि बसणाऱ्यांची हाडे खिळखिळी होतात. म्हणूनच मूळ पाट्यांवर काही अंतर राखून बसवलेले, भार पडल्यावरच टेकणारे मदतनीस पाटे अधिक शहाणपणाचे. हवा भरलेल्या रबरी फुग्यांनीही उंची साधते. मात्र त्यांचा सारा जोर चासीच्या एकाच बिंदूवर येतो.

येथवर सर्व सुखाचे आहे. पण पाटे वाढवल्याने गाडी ‘सरळ उभी’ राहते, तिची वाहण्याची क्षमता वाढत नाही, ही गोष्ट गॅरेजमध्ये क्वचितच सांगितली जाते. आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच असतात. खचलेली गाडी निदान आपल्या दुखण्याची कबुली देते. ताठ पाट्यांवरील गाडी तेच वजन मुकाट्याने वाहते. शिवाय अनेक पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकला किती दाब द्यावा हे ठरवणारी एक झडप असते. ती चासी व आस यांच्यामधील अंतरावरून भार ओळखते. मागची बाजू उचलली की तिला गाडी रिकामी भासते आणि ती मागचा ब्रेक मंद करते. केशकालच्या वळणांवरून उतरताना, मागे मुले निजलेली असताना, ही फसगत काय करील हे सांगावयास नको. पाटे बदलताना ही झडप पुन्हा जुळवून घेतलीच पाहिजे. शॉक ॲब्सॉर्बरही वाढीव ताठपणाला साजेसे घ्यावे लागतात, नाहीतर दबलेला पाटा उसळी घेतो.

कायद्याचेही थोडे सांगावयास हवे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. तेव्हा खोली बसवण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, मागून नव्हे.

प्रत्यक्ष काम करताना प्रथम रिकामी गाडी धर्मकाट्यावर न्यावी. पुढचा व मागचा आस वेगवेगळा तोलावा, आणि चारही चाकांच्या वरची उंची खडूने लिहून ठेवावी. खोली, भरलेली टाकी व माणसे यांसह पुन्हा तोलावे. मागच्या आसाचा किंवा एकूण भाराचा आकडा कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर पाट्यांकडे वळूच नये. सामान कमी करावे किंवा मोठी गाडी घ्यावी. आकडा मर्यादेत असेल तरच मदतनीस पाटे घालावेत, आणि दोन्ही बाजूंना सारखेच घालावेत. वाढलेल्या जाडीला पुरतील असे लांब यू-बोल्ट नवे घ्यावेत. ते गाडी चाकांवर उभी असताना, आळीपाळीने, ठरलेल्या जोराने आवळावेत. पाटे एकमेकांवर बसू लागले की बोल्ट थोडे सैल होतात, म्हणून काही शे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळावेत, आणि त्याच वेळी हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून तोही तपासावा.