किटलींतला चहा : रीति व कारणें

विद्यार्थिमित्रहो, चहा कसा करावा हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु जें आपण रोज करितों त्याचींच कारणें आपण क्वचित् विचारितों. आपल्या घरीं पाणी, दूध, साखर व चहापूड हीं एकत्र उकळून चहा होतो. इंग्रज लोकांच्या जुन्या रीतींत चहा उकळीत नाहींत. उकळतें पाणी त्यावर ओतून तो मुरूं देतात. हा भेद कां, तें आम्ही थोडक्यांत सांगतों.

चहाचें झाड मूळचें चीन व त्याच्या लगतच्या प्रदेशांतलें. इंग्लंडांत हें पेय सतराव्या शतकाच्या मध्यास आलें. १६६२ सालीं पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा दुसऱ्या चार्लस राजाशीं विवाह झाला, व तिच्या आवडीमुळें दरबारांत चहास मान मिळाला. मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळालें तें याच विवाहांत. पुढें जबर करामुळें चहाचा चोरटा व्यापार व भेसळ दोन्हीं माजलीं. १७८४ सालीं पिट प्रधानानें हा कर शेंकडा ११९ वरून साडेबारावर आणिला, आणि चहा गरिबांच्या घरांतही शिरला. १८३९ सालीं आसामचा चहा लंडनच्या बाजारांत प्रथम लिलावास निघाला.

आतां रीति पाहूं. ताजें पाणी घेऊन चुलीवर आधण ठेवावें. एकदां उकळून निवालेलें पाणी पुन्हा घेऊं नये. चिनी मातीची किटली गरम पाण्यानें आंतून विसळून घ्यावी, म्हणजे थंड भांडें आधणाची उष्णता शोषून घेणार नाहीं. माणशीं एक लहान चमचा व वर किटलीचा एक, असें चहापत्तीचें जुनें माप आहे. पाण्यास खळखळून उकळी येतांच तें पत्तीवर ओतावें, झांकण लावावें, वर जाड कापडाची टोपी घालावी व तीन ते पांच मिनिटें थांबावें. मग एकदां ढवळून गाळणींतून पेल्यांत ओतावा. आज त्या देशांतही बहुतेक घरीं कागदी पुडी पेल्यांत टाकून काम भागवितात. तथापि नियम तोच, उकळतें पाणी व पुरता वेळ.

याचें कारण ऐका. काळ्या चहाचीं पानें सुकवून, वळून, हवेंतील प्राणवायूचा संस्कार देऊन मग वाळविलेलीं असतात. त्यांतील सुवास व उत्तेजक द्रव्य गरम पाण्यांत लवकर उतरतें. तुरट द्रव्य हळूहळू उतरत राहतें. म्हणून वेळ थोडा झाला तर चहा फिका, व फार झाला तर घशास कोरड पाडणारा. उकळत ठेविल्यास सुवास वाफेबरोबर जातो व तुरटपणा वाढतो. आपल्या चहांत दूध, साखर व आलें भरपूर असल्यामुळें तो तुरटपणा खपतो; किटलींतल्या चहास तो आधार नसतो. आणखी एक गोष्ट. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांवर उकळतें, पण महाबळेश्वरच्या उंचीवर तें सुमारें ९५ ते ९६ अंशांवरच उकळतें. जे विद्यार्थी तेथें जातील त्यांनीं उष्णतामापक घेऊन हा प्रयोग अवश्य करावा.

दुधाविषयीं इंग्रजांत जुना वाद आहे. मोतीहारी येथें जन्मलेला लेखक जॉर्ज ऑर्वेल यानें १९४६ सालीं चहावर एक लेख लिहून अकरा नियम सांगितले. दूध मागाहून घालावें, म्हणजे प्रमाण राखतां येतें, असें त्याचें मत. उलट २००३ सालीं इंग्लंडांतील रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेनें दूध आधीं घालावें असें सांगितलें. गरम चहांत थोडें थोडें दूध पडलें म्हणजे तें एकदम तापतें व त्यांतील प्रथिनें बिघडतात, हें तिचें कारण. दोघांनींही आपापलें कारण दिलें आहे, हें लक्षांत घ्या. कारणासह मतभेद असणें यांत कमीपणा नाहीं.

पालकांसही एक विनंती. जेवणाबरोबर घेतलेला चहा धान्यभाज्यांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. मुलांस, विशेषतः वाढत्या मुलींस, जेवतांना चहा देऊं नये; आणि भूक मारण्यासाठीं तर मुळींच देऊं नये.

शेवटीं, हा पेला आपल्या हातीं कोणाच्या श्रमानें येतो तेंही विद्यार्थ्यांनीं जाणावें. आसामच्या मळ्यांवर दूरदूरचे गरीब लोक करारानें बांधून नेले जात. १८५९ च्या कायद्यान्वयें करार मोडणारा मजूर तुरुंगांत जाई. तो कायदा रद्द व्हावयास १९२५ साल उजाडलें. इंग्रजांच्या चहांत पडणारी साखरही एके काळीं वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या घामाची होती. १७९१ सालीं पार्लमेंटानें गुलामांचा व्यापार बंद करण्याचें बिल फेटाळलें, तेव्हां तेथील पुष्कळ कुटुंबांनीं ती साखर घेणें सोडिलें. बायकांस त्या काळीं मत नव्हतें, मुलांस तर नव्हतेंच. पण साखरेचें भांडें दूर सारणें त्यांच्या हातीं होतें, व तें त्यांनीं केलें. तो व्यापार १८०७ सालीं कायद्यानें बंद झाला. साम्राज्यांतील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ सालीं झाला.

तेव्हां मुलांनो, पुढल्या वेळीं घरीं पाहुणे आले म्हणजे आईस म्हणा, आज चहा आम्ही करितों. पाणी मोजून घ्या, घड्याळ पाहून थांबा, आधीं पाहुण्यांस द्या, आणि भांडीं आपण विसळा. पानें खुडणाऱ्या हातांची आठवण ठेवून केलेला चहा कधीं निष्काळजीपणें होणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.