बागेतलं गवत आत्ता कापू नका

ऑक्टोबर संपत आला की आमच्या शिकागोच्या उपनगरात दर शनिवारी पानं उडवणाऱ्या यंत्रांची घरघर सुरू होते. त्याच झपाट्यात अंगणातलं शोभेचं गवतही साफ करून टाकावंसं वाटतं. पहिल्या वर्षी मी तेच केलं. मिसकँथसचे दोन आणि पेनिसेटमचे तीन ठोंब जमिनीलगत कापले. मनात हिशेब साधा होता: उसाचा खोडवा नाही का फुटत? मे महिन्यात मिसकँथस फुटलं. पेनिसेटमच्या जागी मात्र कुजके गड्डे निघाले.

नात्याचा अंदाज चुकला नव्हता. मिसकँथस उसाचा इतका जवळचा नातेवाईक आहे की दोघांचा संकरही होतो. पेनिसेटम बाजरीचं भावंड, पॅनिकम वरीचं. ही सगळी 'सी-४' गवतं. त्यांचं प्रकाशसंश्लेषण उन्हाळ्यात जोमानं चालतं आणि गारठ्यात मंदावतं. चुकला तो ऋतू. कोल्हापुरात ऊस तोडला तरी जमिनीत ऊब असते, लवकरच फुटवे येतात. इथे ऑक्टोबरात कापलेला ठोंब वसंतापर्यंत नुसता उघडा पडून राहतो.

शिवाय शरदात पिवळं पडणारं पान नुसतं मरत नसतं. त्यातलं बरंचसं नत्र खाली, जमिनीतल्या खोडात आणि मुळांत उतरत असतं. पुढचे फुटवे याच शिदोरीवर निघतात. हिरवं असतानाच कापलं तर ती शिदोरी कचऱ्याच्या पिशवीत जाते. जैवइंधनासाठी मिसकँथस लावणारे शेतकरीसुद्धा म्हणूनच पीक पूर्ण वाळू देतात आणि हिवाळा सरताना कापतात.

वाळलेल्या काड्यांचा उपयोग वेगळाच. त्यांच्यात बर्फ अडकतो आणि गोधडीसारखा गड्ड्यावर बसतो. आखूड कापलेल्या पोकळ काड्यांतून उलट पाणी आत शिरतं, रात्री गोठतं, दिवसा वितळतं आणि गड्डा कुजतो. मिसकँथस ते सोसतं, पेनिसेटम थोडं नाजूक. (जांभळ्या पानांचं पेनिसेटम इथे एकाच हंगामाचं. ते गेलं तर स्वतःला दोष देऊ नका.)

मग आत्ता करायचं काय? फारसं काही नाही. पाऊस नसेल तर जमीन गोठेपर्यंत अधूनमधून पाणी द्या. खत नको, ठोंब फोडणंही नको. तोडलेल्या मुळांना रुजायला वेळच उरत नाही. मात्र भिंतीला किंवा बार्बेक्यूला लागून असलेलं गवत वाळल्यावर खुशाल कापा, ते पेट घेतं.

बाकीचं मार्चमध्ये. ठोंबाला सुतळी बांधून पेंढी करा आणि दहा-पंधरा सेंटिमीटर ठेवून कापा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मिसकँथसचं पान उसाच्या पाल्यासारखंच कापतं. 'कार्ल फोर्स्टर' थंडीतच वाढीला लागतं, त्यामुळे त्याचा नंबर पहिला. निळ्या फेस्क्यूला कात्री लावूच नका. हातमोजे घालून बोटांनी विंचरलं की वाळकी पाती आपोआप निघून येतात.