भैताड म्हणणाऱ्यावर रागावू नका

माहेर आर्वी तालुक्यातलं, सासर समुद्रपूर तालुक्यातलं आणि नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांमधली. त्यामुळे वर्धा जिल्ह्याची बोली मला दोन्ही टोकांनी ऐकायला मिळाली. बाहेरचे लोक ती ऐकून हसतात. खुशाल हसावं, इतकी ती रसरशीत आहे. ती ऐकता-ऐकता जे कळत गेलं, ते इथं मांडते.

१. शब्द कोणाच्या तोंडून आला, ते आधी पाहावं.

मे महिन्यात भर दुपारी नातू उघड्या डोक्यानं घरात शिरतो. आजी ओरडते, “तपनीत कुठी उंडारून रायला बे भैताडा?” आणि त्याच दमात कांदा फोडून त्याच्या हातात देते. हा ‘भैताड’ म्हणजे लाड आहे. तोच शब्द शेताच्या धुऱ्यावरच्या भांडणात शेजाऱ्याला म्हटला, तर पोलीस पाटलाला बोलवावं लागेल. ‘बह्याड’ त्याचा चुलत भाऊ. माझ्या कानाला दोघांत फरक लागतो: भैताडाला समज नसते, बह्याडाला समज असते पण भान नसतं. घरी चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधणारा माणूस बह्याड; उधारीचे पैसे आले म्हणून नवीन उधारी करणारा भैताड.

‘बे’चंही तसंच. मित्रानं मित्राला, थोरल्यानं धाकट्याला म्हणावा. जावयाला, व्याह्याला, मास्तरला चालत नाही. बायका-बायकांत ‘व’ चालतो: “काय व माय, दिसलीच नाई गंज दिवस!” नव्या माणसानं आपण होऊन ‘बे’ वापरू नये. समोरच्यानं वापरला की समजावं, आपण घरचे झालो.

२. भाजीबाजारात शब्दकोश बदलतो.

पुण्याच्या पाहुणीला “भाजीवर सांबार टाकू का?” विचारलं की ती गोंधळते. आमचं सांबार म्हणजे कोथिंबीर. जांब म्हणजे पेरू, आलू म्हणजे बटाटा, फल्ली म्हणजे भुईमुगाची शेंग, मुंगना म्हणजे शेवगा, भेदरं म्हणजे टोमॅटो. गंज म्हणजे पातेलं, आणि गंज म्हणजे पुष्कळही. त्यामुळे लग्नाच्या सैपाकघरात “गंज कुठी हाय?” याला “गंज हाय, तुले कोनता पायजे?” असं उत्तर मिळतं, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

३. ‘येजो’ला तोड नाही.

‘ये’ म्हटलं की आत्ता ये. ‘येजो’ म्हटलं की सवडीनं ये, पण ये नक्की. “पोयाले येजो”, “पोचल्यावर फोन करजो”, “औषध घेजो बाप्पा”. तो ‘जो’ ऐकला की सांगणाऱ्याचा जीव आपल्यात अडकलेला आहे, हे न सांगता कळतं. मोठ्यांना हेच ‘येजा’, ‘करजा’ होतं. आमच्याकडच्या बाया ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. हे प्रमाण मराठीच्या मापानं मोजू नये, बोलीचं स्वतःचं व्याकरण आहे. ते पाळूनच त्या बोलतात, आणि चुकत नाहीत.

४. नदी राज्यं वेगळी करते, बोली नाही.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला आणि पुढं मध्य प्रांतात राहिला. वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड नावाला निजामाच्या मालकीचा होता. सरकारं दोन, पण आर्वीकडच्या माणसाला पलीकडच्या कौंडण्यपूरच्या माणसाशी बोलताना कधी अडलं नाही. दोघंही डोळ्याला ‘डोया’च म्हणतात. समुद्रपूर ओलांडून चंद्रपूरकडं, भंडाऱ्याकडं झाडीपट्टीत गेलं, की तोच डोळा ‘डोरा’ होतो. ‘वापस’, ‘आलू’ हे हिंदीच्या शेजाराचे शब्द. ज्या वर्धा शहरात १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, तिथं त्यांचं नवल कशाला? बोली शुद्ध करायच्या नादात ते काढून टाकू नयेत. पिढ्यान्‌पिढ्या नांदले, म्हणजे ते आमचेच झाले.

५. वर्गात पोरांचा शब्द खोडू नये, त्याच्या शेजारी दुसरा लिहावा.

हे माझ्या नोकरीचं सार आहे. घरी ‘शाया’, ‘काया’, ‘केय’ बोलणारं पोर शाळेत शिकतं, की ‘य’च्या जागी ‘ळ’ लिहायचा असतो. मग ते शहाणं पोर सगळीकडेच ‘ळ’ लिहितं. एकीनं गाईवर निबंध लिहिला, ‘गाळ दूध देते. गाळीला चार पाळ असतात.’ वर्ग हसला, मी हसले नाही. तिनं नियम बरोबर पकडला होता, फक्त तो कुठं थांबतो ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी फळ्यावर दोन रकाने केले. एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला. शाया–शाळा, पोया–पोळा, पानी–पाणी. आणि गाय–गाय, पाय–पाय. घरच्या रकान्यातले शब्द पोरांनीच सांगायचे. जी मुलगी तोंड उघडत नव्हती, तिनं त्या दिवशी ‘टोंगया’ सांगितला, गुडघ्यासाठी. मग मुलं थांबेचनात: काऊन, कायले, उलसाक, जवर. “पानी येऊन रायलं बाई!” हे खिडकीतून ओरडणाऱ्या मुलाला आधी पाऊस पाहू द्यावा, ‘येत आहे’ नंतर शिकवावं.

६. कापूस गेला की कापसाचे शब्द जातात.

खरी श्रीमंती वावरात आहे. पऱ्हाटी, बोंड, निंदण, डवरणी, तिफन, पांदण. शेवटचा वेचा झाला, वावर मोकळं झालं की ‘उलंगवाडी’ झाली. हा शब्द माणसं कुठंही नेतात. लग्नात उशिरा पोचलेल्याला पंगतीवरचा म्हातारा सांगतो, “या भौ, पन उलंगवाडी झाली!” म्हणजे वरण-भात उरला असेल, बुंदी संपली. ज्यानं कापूस वेचलेला नाही, त्याला यातली अर्धीच गंमत कळते. जिथं सोयाबीन आलं आणि पेरणी ट्रॅक्टरनं होऊ लागली, तिथल्या तरुण पोरांना तिफन चित्रात दाखवावी लागते.

७. ही बोली मोठ्यानं वाचावी.

हिंगणघाटात जन्मलेल्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली. तिच्यातली कौतिक आमच्या बोलीत बोलते, झगडते, दुःख सोसते, आणि वाचणाऱ्याला एकदाही हसू येत नाही. मराठी सिनेमा-नाटकात ही वऱ्हाडी बोली बहुधा मोलकरणीच्या नाहीतर गड्याच्या तोंडी, हशा काढायला येते. मला ते लागतं. पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ (१९८७) वाचताना मात्र पोट धरून हसले, कारण तिथं बोलीच हसवते, बोलीला कुणी हसत नाही. ही दोन्ही पुस्तकं घरात असावीत.

८. आपल्यासारखे लोक दूरवरही आहेत.

स्कॉटलंडमध्ये मूर्खाला प्रेमानं ‘नम्प्टी’ म्हणतात, आणि दिवसभर चाललेल्या ओल्या, उदास हवेला ‘ड्रीख’. पहिला आमचा भैताड, दुसऱ्यात आमच्या झडीचा ओलावा. तिथल्या मुलांनाही शाळेत ही स्कॉट्स बोली बोलल्याबद्दल रागावत असत. २०११ च्या जनगणनेत सरकारनं पहिल्यांदा विचारलं, स्कॉट्स येते का? १५ लाखांहून जास्त लोकांनी ‘बोलता येते’ असं सांगितलं. नुसतं विचारलं, तरी माणसं पुढं येतात.

९. शब्द एकटा लिहून घेऊ नये.

वाक्यासकट घ्यावा. ‘उलसाक म्हणजे थोडंसं’ एवढ्यावर भागत नाही. “उलसाक सरक ना माय, मले बी बसू दे” असं लिहावं. बोलणाऱ्याचं गाव आणि वय टाकावं. एसटीतली बाई, दवाखान्याच्या बाकावरचा बुढा, पाण्याच्या टाकीजवळच्या सुना यांच्याकडून जे मिळतं, ते मुलाखत घ्यायला बसलं की मिळत नाही. वही दिसली की माणसं पुस्तकी बोलू लागतात. मोकळी बोली ऐकायची तर पोळा गाठावा. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे चढाओढीची कवनं, सुरू होतात. एकानं म्हणायची, दुसऱ्यानं त्यावर चढवायची. त्यात सासू, सरपंच, सावकार कुणीच सुटत नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदी रेल्वेला माणसाहून उंच लाकडी नंदी निघतात, आणि लहान पोरं आपापले बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. यंदा त्या दोन दिवसांत गावी असाल तर मोबाइल सुरू ठेवा, आणि ज्या म्हाताऱ्याला सगळ्यात जास्त झडत्या येतात, त्याच्या जवर उभे राहा.