जुन्या संगणक-प्रणालीकडे परतावे काय?

नवी प्रणाली बसविल्यावर संगणक मंदावला किंवा प्रिंटर चालेनासा झाला, की जुन्या प्रणालीकडे परतावेसे वाटते. ‘विंडोज १०’वरून ‘विंडोज ११’ घेतल्यास परतण्यासाठी सामान्यतः १० दिवसांची मुदत असते. तोपर्यंत जुन्या प्रणालीच्या फायली संगणकातच राखून ठेवलेल्या असतात. मुदत टळल्यास प्रणाली नव्याने बसवावी लागते.

तथापि, ‘विंडोज १०’ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर आढळलेल्या सुरक्षाविषयक उणिवांवरील दुरुस्ती मर्यादित मुदतीच्या विस्तारित योजनेत नोंदलेल्या संगणकांनाच मिळते. म्हणून प्रथम नव्या प्रणालीसाठीचा प्रिंटरचा ड्रायव्हर बसवून पाहावा. परतणे अटळच असल्यास आधी सर्व फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी आणि दुरुस्ती मिळत नसलेला संगणक इंटरनेटला जोडू नये. मंद संगणक सुधारता येतो. गमावलेली माहिती परत मिळेलच असे नाही.